छकूच्या वाट्याची माफी

१० जून

ताई,

फोन नको, पत्र लिही, अशी तू अट घातलीस म्हणून लिहायला बसलो. फोनवर मागून बाबांचा खोकला ऐकू येतो आणि मग दिवसभर बस चालवताना तोच डोक्यात राहतो, असं तू म्हणालीस. मागे शाळेची पोरं बसलेली असताना असलं काही डोक्यात नको, हे मलाही पटलं. पत्रातून खोकला येणार नाही. बाबा मात्र येतील. त्यांना वगळून लिहायचं तर माझ्याकडे उरतं काय? घरात आम्ही दोघंच.

माझं काम नक्की काय, असं तू विचारलंस. आमच्या केंद्रात दर वर्षी नवी मुलं येतात. कुणी डॉक्टर, कुणी मानसशास्त्र शिकलेली, कुणी फिजिओथेरपी. पदवीची शाई वाळलेली नसते आणि सगळ्यांना म्हातारपणावर संशोधन करायचं असतं. वर्षभर मी त्यांना ते कसं करायचं हे शिकवतो. हसलीस ना? हस. घरातलं आईचं दुखणं तू काढलंस आणि शिकवायला बसलो मी.

प्रत्येकाला आम्ही एक म्हातारं माणूस नेमून देतो. दर आठवड्याला त्याच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं. सुरुवातीचे काही महिने प्रश्नावली काढायची नाही. मी पहिल्याच दिवशी बजावतो, ‘त्यांच्या घरी तुम्ही पाहुणे आहात, नातेवाईक नाही. आजोबा म्हणा, आजी म्हणा, पण नातू होऊ नका.’ मुलं माना डोलावतात.

त्यांच्या विषयांवरून मी त्यांना नावं ठेवली आहेत. एक ‘झोप’, एक ‘भूक’, आणि म्हातारी माणसं पडतात कशी यावर काम करणारी ती ‘पडझड’. तिला स्वतःलाच हे नाव इतकं आवडलं की ईमेलखाली तेच लिहिते.

या पडझडच्या वाट्याची आजी मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेली आणि ती रिकामी राहिली. त्याच सुमारास ती काही कागद द्यायला आपल्या घरी आली होती. बाबांनी तिच्या हातातलं माहितीपत्रक घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि छपाईच्या दोन चुका काढल्या. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवले, ते हात अजून स्वस्थ बसत नाहीत. मग म्हणाले, ‘मला घ्या की तुमच्या अभ्यासात. मीही म्हातारा आहे, शंका असेल तर याला विचारा.’

माझेच वडील, म्हणून मी नकोच म्हणत होतो. पण आमच्या विभागाच्या मॅडमनी वाट काढली. ती येईल तेव्हा मी घरी थांबायचं नाही, आणि तिची टिपणं माझ्याकडे न येता थेट मॅडमकडे जायची. तेव्हा आता दर मंगळवारी दुपारी माझ्याच घरातून मला हाकललं जातं.

तुझा
बारक्या

४ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मिळालं. बाबा कसे आहेत हे तू विचारलं नाहीस, ती मुलगी कशी आहे हे विचारलंस. ठीक आहे, तेच सांगतो.

उंच आहे. हसते तेव्हा शेजारच्या खोलीतले लोक डोकावून जातात. जिना चढताना एक पायरी गाळते. आणखी काय सांगू? बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघते. ही सवय तिला कुणी शिकवली नसावी.

मंगळवारी बाबा सकाळीच दाढी करतात. इस्त्रीचा सदरा मागतात. मी म्हटलं, ‘बाबा, परीक्षा आहे का?’ तर म्हणाले, ‘परीक्षा तिची आहे. मी नापास झालो तरी मला काय कोण घरी बसवणार आहे?’ एवढं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

आता दुसरं. ते अजूनही लाल पेन घेऊन रोजचा पेपर तपासतात. परवा मी तो उचलला तर पहिलं पान लालेलाल. बघतो तर चुकीचे शब्द तसेच आणि बरोबर शब्दांवर काट मारलेली. ‘पाणी’ खोडून त्यांनी ‘पाणी’च लिहिलं होतं, दोनदा. मी पेपर घडी करून कपाटात टाकला. डॉक्टरांकडून त्यांची तपासणी करून घेतली आहे. जे वाटलं होतं तेच निघालं, स्मृतिभ्रंश. हे मी दुसऱ्यांच्या घरात रोज सांगतो, कसं सांगायचं ते मुलांना शिकवतो. स्वतःला सांगायला मात्र गाडीत बराच वेळ बसून राहिलो.

हे तुला लिहू की नको, असं झालं होतं. यातून मला काही मागायचं नाही.

बारक्या

१९ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र वाचायच्या आधी बस आगारात लाव. घरी गेल्यावर वाच.

आमची आठवड्याची बैठक असते. मुलं आपापल्या आजी-आजोबांबद्दल बोलतात. नाव सांगायचं नाही, पत्ता सांगायचा नाही, काय घडलं तेवढं सांगायचं. बैठक मी चालवतो. काल पडझडची पाळी आली. ती उभीच राहिली. मॅडमनी तिला आधी म्हटलं होतं, इथं नको, माझ्याशी एकटीशी बोल. तिने ऐकलं नाही. माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

‘माझे आजोबा गेले काही आठवडे मला त्यांची मुलगी समजतात. मी दर वेळी सांगते, आजोबा, मी ती नाही. या मंगळवारी ते म्हणाले, तू अजून रागावली आहेस म्हणून असं म्हणतेस.’

मग तिने बाबांचे शब्द सांगितले. ताई, ते मी जसेच्या तसे लिहितो, कारण ते तुझे आहेत.

‘छकू, त्या दुपारी तुझा डोळा लागला तो थकून लागला. मला दिसत होतं. किती दिवस तू पाठ टेकली नव्हतीस, तेही मला दिसत होतं. तरी मी बोललो. चार लोकांसमोर बोललो, तू झोपलीस म्हणून ती गेली. माझी बायको गेली होती आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं. तू जवळ होतीस. छकू, मला माफ कर.’

ती म्हणाली, ‘ते खुर्चीतून उठून माझ्यापुढे वाकायला लागले. गुडघे धरत नाहीत त्यांचे, पडले असते. मी त्यांना धरलं आणि म्हणाले, नाही हो बाबा, मी नाही रागावले. झालं गेलं. सोडून दिलं मी.’

झोप पटकन म्हणाला, ‘म्हणजे तू खोटं बोललीस.’

भूक त्याच्यावर उखडली. ‘अरे, माणूस समोर रडतोय! तू काय केलं असतंस? ओळखपत्र दाखवलं असतंस?’

‘पण माफी तिची नव्हतीच ना. ज्या मुलीची आहे तिचं काय?’

सगळे माझ्याकडे वळले. मी त्यांचा सर. कुठं थांबायचं हे सांगायचं माझं काम. मॅडम एकदम म्हणाल्या, ‘आपण दहा मिनिटं थांबू या.’ तेव्हा कुठे मुलांच्या लक्षात आलं असावं, कारण भूकने तोंडावर हात ठेवला.

मी बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. आई गेली त्या दिवशी मी परीक्षेला बाहेरगावी होतो. पोचलो तेव्हा तू स्वयंपाकघरात पाठमोरी भांडी घासत होतीस आणि कुणीच काही सांगत नव्हतं. तुझं कॉलेज आईच्या अंथरुणापायी सुटलं हे मला माहीत होतं. पण त्या दुपारी बाबा तुला नक्की काय म्हणाले, हे इतक्या वर्षांनी मी काल ऐकलं, वीस-बावीस मुलांच्या देखत, एका परक्या मुलीच्या तोंडून.

त्यांनी माफी मागितली, ताई. मागितली एवढं खरं.

बारक्या

१४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र. ‘तिला कुणी अधिकार दिला? माझी होती ती. परत आण.’ बस, एवढंच.

मी परत आणायचा प्रयत्न केला. ऐक. पत्र आलं त्याच दिवशी बाबांजवळ बसलो आणि म्हणालो, ‘बाबा, छकूशी फोनवर बोलायचंय का? मी लावून देतो. तिला काही सांगायचं राहिलंय का?’

‘नाही,’ ते म्हणाले. ‘झालं की आमचं बोलणं. ती येते मंगळवारी.’

‘बाबा, ती मुलगी छकू नाही. आमच्या केंद्रातली आहे.’

ते माझ्याकडे इतक्या मायेने बघायला लागले, जसं काही बिघडलंय ते माझंच. म्हणाले, ‘तुझंही जमेल तिच्याशी. ती मनात ठेवत नाही.’

आता सांग, आणखी काय करू? तू सांगितलंस तर पुन्हा बसतो त्यांच्यासमोर.

पडझड राजीनामा घेऊन आली होती. मी तिच्यावर चिडावं की तिच्यापुढे हात जोडावेत, मला कळेना. सर म्हणून मी तिला म्हटलं की तू चुकलीस, तू त्यांचा हात धरून गप्प बसू शकली असतीस, गप्प बसणं हेही उत्तर असतं. ती म्हणाली, ‘सर, मला ते माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत. पण ते गप्प बसू देत नव्हते. पुन्हा पुन्हा विचारत होते, केलंस ना, केलंस ना?’ मग रडायला लागली. ‘तुमच्या बहिणीला काय वाटलं असेल?’ मी तुझं पत्र तिला दाखवलं नाही. राजीनामा घेतला नाही. मॅडमनी तिचं आपल्या घरी येणं बंद केलं, ते नियमाप्रमाणे योग्यच आहे. तरी पुढच्याच मंगळवारी बाबा दाढी करून बसले होते. अंधार पडेपर्यंत बसले होते.

एक गोष्ट लपवत होतो. त्यानंतर, मागच्या आठवड्यात, ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आहे, पण त्यानंतर आणखी खालावलेत. छातीत कफ साठतो. अशा माणसांचं पुढे काय होतं, ते मला आकड्यांसकट पाठ आहे.

यायचं असेल तर ये. माफ करायला ये असं मी म्हणत नाही. भांडायला ये हवं तर.

बारक्या

२१ जानेवारी

ताई,

तू परत पोचल्याचं कळवलंस, बरं वाटलं. विमानतळावर आपण दोघंही गाडी लावायच्या जागेबद्दलच बोलत राहिलो. म्हणून हे लिहितो.

घरी न उतरता तू रुग्णालयासमोरच्या लॉजमध्ये उतरलीस, त्याचा मला राग आला होता. आता नाही. त्या स्वयंपाकघरात तू पुन्हा उभी राहावीस, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

तुला आधी पडझडला भेटायचं होतं. कॅन्टीनमध्ये मला तू लांबच्या टेबलावर बसवलंस, लहानपणी दुकानाबाहेर बसवायचीस तसं. तुमचं बोलणं मी ऐकलं नाही. एवढं दिसलं की ती मान खाली घालून सांगत होती आणि तू तिला मान वर करायला लावलीस. ते शब्द तुला तिच्या तोंडाकडे बघत ऐकायचे होते ना? तुझा चहा तसाच राहिला. तुम्ही उठलात तेव्हा मी जवळ आलो होतो, म्हणून तेवढं एक कानावर पडलं. ‘तू माफ केलंस ते तुझं. मी अजून केलेलं नाही.’ ती ‘हो’ म्हणाली. तू तिच्या खांद्यावर हात ठेवलास की तिला बाजूला सारलंस, मला लांबून कळलं नाही.

आणि मग रुग्णालयातली बाबांची खोली. तू आत होतीस, तरी लिहितो. मी दारात सूपचा वाडगा घेऊन उभा होतो. तुझा चेहरा मला दिसत होता, तुला तो दिसत नव्हता.

तू म्हणालीस, ‘मी आले आहे.’

बाबांनी बघितलं. म्हणाले, ‘या. बसा. नवीन का तुम्ही?’

ताई, जन्मात त्यांनी तुला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. तुझ्या हातातली पर्स खाली आली. मला वाटलं आता तू सांगशील, मी छकू आहे म्हणून. सांगायलाच तू इतक्या लांबून आली होतीस. तू तोंड उघडलंसही. पण ते एका कुशीवर वाकडे पडले होते, खुब्याखालची उशी सरकली होती, आणि तुझं लक्ष तिकडे गेलं. तू पर्स खुर्चीवर ठेवलीस. एक हात त्यांच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि त्यांना कळायच्या आत तू त्यांना वळवलंस. दोन गुडघ्यांमध्ये उशी घातलीस. पाठीखालची चादर ओढून चुणी काढलीस. इथल्या नर्स हे करतात तेव्हा ते ओरडतात. तेव्हा ओरडले नाहीत.

‘वा,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला येतं हे. माझी मुलगी असंच करायची. तिच्या आईला तिने वर्षानुवर्षं सांभाळलं. अंगावर एक जखम होऊ दिली नाही तिने. एक जखम नाही.’

तू चादरीची कड धरून उभी होतीस. ती न सोडता विचारलंस, ‘मग तिला सांगितलंत का हे?’

‘सांगितलं ना. आली होती ती. मोठ्या मनाची आहे. सगळं सोडून दिलं तिने.’

‘बरं केलंत,’ तू म्हणालीस.

आणि त्यांच्या ओठांवरची लाळ पुसून बाहेर आलीस. दारात माझ्या हातातला वाडगा घेतलास, पुन्हा माझ्याच हातात दिलास, आणि जिन्याकडे चालायला लागलीस. मी मागे आलो नाही, कारण त्यांना भरवायचं होतं.

तू त्यांना सांगितलं का नाहीस, हे मी विचारणार नाही. मुलांना मात्र एक दिवस हे सांगावं लागेल आणि तेव्हा ती मला विचारतील.

तुझा
बारक्या

५ मार्च

ताई,

बाबा काल गेले. फोन केला तेव्हा तू फेरीवर होतीस, म्हणून निरोप ठेवला. तू ऐकलास हे मला माहीत आहे, उलट फोन आला नाही तरी.

छातीत पाणी झालं होतं. त्रास कमी व्हावा म्हणून जे देतात ते दिलं. शेवटचे दोन-तीन दिवस बोलणं नव्हतंच. त्याआधी एकदा विचारलं, ‘ती उशी लावणारी बाई येणार आहे का?’ मी म्हटलं, ‘ती लांब राहते.’ ते म्हणाले, ‘मग राहू दे. त्रास नको तिला.’ हे लिहू नये असं वाटलं होतं. लिहिलं.

निरोप द्यायला छापखान्यातले जुने दोघं आले होते, काठ्या टेकत. आमची मुलं सगळी आली. पडझड भिंतीला टेकून उभी होती, पुढे आली नाही. मी तिला बोलावलं. सगळे निघून गेल्यावर तिने घरातली बाबांची खोली झाडायला घेतली. मी ‘राहू दे’ म्हटलं तर म्हणाली, ‘सर, मला काहीतरी करू द्या.’ म्हणून करू दिलं. लाल पेनं सापडली, गादीखाली, खिडकीत, सदऱ्याच्या खिशात. ती रडत रडत हसायला लागली, आणि मीही.

तू यावंस अशी माझी अपेक्षा नव्हती. तू येऊन गेली होतीस.

बारक्या

२ एप्रिल

ताई,

मुलांचं वर्ष संपलं. पडझडने शेवटच्या मांडणीत बाबांबद्दल एक शब्दही काढला नाही. मॅडमनी विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘ते मी शिकायला ऐकलं नव्हतं.’ तिला दुसऱ्या शहरात काम मिळालं आहे, एका वृद्धरुग्णालयात. जाताना तुझा पत्ता मागितला. दिला नाही. तू म्हणशील तर देईन.

मग झोपने हात वर केला. पोरगं ऑक्टोबरपासून मनात धरून बसलं होतं. ‘सर, त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत. तिने करायला काय हवं होतं?’ मी जे काही वाचलं आहे, लिहिलं आहे, इतकी वर्षं शिकवलं आहे, ते सगळं चाचपून बघितलं. त्याला म्हणालो, ‘मला माहीत नाही रे.’ त्याने ते वहीत लिहून घेतलं नाही, याचं मला बरं वाटलं.

घरी आलो तर तुझं पत्र आलेलं. उभ्यानेच उघडलं. एवढ्या लांबून एकच ओळ.

‘बारक्या, मी त्यांना माफ केलं असतं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही.’

तेव्हापासून स्वयंपाकघरात बसून आहे. काही लिहितो आणि खोडतो. तुला देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, ताई. मी फक्त इथं आहे.

तुझा
बारक्या